रामिरोरावांचा नेकाक्सा आणि आमची कोयना

३० सप्टेंबर

“दत्तूऽऽ, सोड! माझा आहे!”

आज पहाटे जाग आली ती या आरोळीने. आरोळी अर्थातच इथली, आमच्या मुलाच्या, वरुणच्या, डब्लिनमधल्या सँट्रीच्या घरातली नव्हे. पोफळीच्या वीज कॉलनीतल्या मैदानावरची, रविकांतची. उंच आलेल्या बॉलवर मी डोकं घालायला झेपावलो की मागून गोलातून ही हाक यायची आणि मी खाली वाकायचो. रव्याच्या हातात गेलेला बॉल कधी निसटला नाही. मॅच संपायची ती पॉवर हाऊसच्या संध्याकाळच्या भोंग्याने. भोंगा झाला की बॉल हवेत असला तरी निम्मे खेळाडू बूट हातात घेऊन शिफ्टला पळायचे.

“काय झालं?” सुचित्राने विचारलं.

“काही नाही. विमान गेलं वरून.”

“विमान गेलं तर तुम्ही ‘सोडला, सोडला’ का ओरडत होतात?”

आमच्या घरी माणसाला खाजगी स्वप्नसुद्धा पडू देत नाहीत.

स्वप्नाचं कारण उघड आहे. महिन्यापूर्वी रविकांत डब्लिनमध्ये आलाय. त्याची मुलगी इथल्याच टॅला उपनगरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तिच्याकडे. सत्तावीस ऑक्टोबरला परत जाणार. फोन करतो, मी उचलत नाही. सुचित्रा म्हणते, “अहो, टॅला म्हणजे काही चंद्र नाही. बसने जाता येतं.” जाता येतं हे मलाही माहीत आहे. पण ज्या माणसाने कोयनेचं नाव नाशकाला नेलं त्याच्या घरी मी कोणत्या तोंडाने चहा प्यायचा?

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानं इथे कुठली? वरुणने बागेतून कसल्याशा झाडाची पानं आणली. नात शर्वाणी म्हणाली, “आबा, इट्स ग्रँड, लीफ इज अ लीफ.” दहा वर्षांची पोर. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश हेलात.

ती पानं खिशात घालून बागेत गेलो. आमच्या नेहमीच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. माझ्याच वयाचे, पांढऱ्या झुपकेदार मिशा, चेहऱ्यावर माझ्यासारखाच ‘सूनबाई ऑफिसातून कधी येणार’ असा भाव. मी त्यांच्या हातात पान ठेवलं आणि “गोल्ड” म्हणालो. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि गंभीरपणे कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथेच माणूस आवडला.

नाव रामिरो. मेक्सिको सिटीचे. आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर, मुलीकडे राहतात. मुलगी एलेना ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवाली. इंग्रजी दोघांचंही शाळेतलं, त्यामुळे एकमेकांना उत्तम कळतं. तिसऱ्या माणसाला कळणार नाही.

“तुम्ही काय काम करत होता?” मी विचारलं.

“वीज,” ते म्हणाले.

मी उभाच राहिलो. “मी पण वीज!”

त्यांनी बसल्या बसल्या हात पुढे केला आणि आम्ही असा शेकहँड केला की समोरचा कुत्रा भुंकायला लागला.

५ ऑक्टोबर

रामिरोरावांना (आता मी त्यांना रामिरोराव म्हणतो, त्यांना ‘राव’ ही पदवी वाटते) एक फुटबॉलचा क्लब आहे. म्हणजे होता. म्हणजे आहे, पण ते नाही म्हणतात. तो इतिहास आज दोन तास ऐकला. थंडीने माझे कान गेले, तरी ऐकला.

क्लबचं नाव नेकाक्सा. आणि नेकाक्सा हे काय आहे? नदी! त्या नदीवर धरण, धरणाखाली पॉवर हाऊस, त्या विजेवर मेक्सिको सिटीचे दिवे आणि ट्रॅम. शंभर वर्षांपूर्वी वीज कंपनीचा एक संघ होता आणि ट्रॅम कंपनीचा एक. दोघांचा मिळून एक केला आणि त्याला नदीचं नाव दिलं. रामिरोरावांचे वडील त्या कंपनीत खांबांवर चढून तारा ओढायचे. रविवारी लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट बघायला जायचे. १९३० नंतरच्या दशकात तो संघ असा काही खेळायचा की लोक त्याला ‘अकरा भाऊ’ म्हणत. पुढे खेळाडूंना रीतसर पगार द्यायची पद्धत आली, तेव्हा नेकाक्सा स्पर्धेतूनच बाहेर पडला. काही वर्षांनी परत आला.

माझ्या अंगावर काटा आला. आमचा संघही धरणाखालचा, पॉवर हाऊसचा, नदीच्या नावाचा. मी म्हणालो, “नेकाक्सा. ने, का, क्सा. तिन्ही अक्षरं गुरू. म्हणजे मगण! या नावाने मंदाक्रांता सुरू करता येईल, शार्दूलविक्रीडितसुद्धा!”

रामिरोराव म्हणाले, “हे कुठले खेळाडू?”

घरी येऊन सुचित्राला सांगितलं. ती म्हणाली, “जगाच्या त्या टोकाला धरणाखाली फुटबॉल खेळणारे वेडे निघाले, ते नेमके तुमच्याच बाकावर बसले.”

९ ऑक्टोबर

आज त्यांचं दुःख कळलं.

मधे अकरा वर्षं त्यांच्या क्लबचं नावच गेलं होतं. स्पॅनिश धनिकांनी विकत घेतला आणि अॅटलेटिको एस्पान्योल असं नाव ठेवलं. रामिरोराव तरीही दर सामन्याला जुना लाल-पांढरा शर्ट घालून जायचे. नाव परत आलं. नव्वदच्या दशकात तीनदा अजिंक्यपद मिळालं. हे सांगताना मिशा थरथरत होत्या. आणि २००३ साली अख्खा क्लब उचलून दुसऱ्या गावाला नेला. आग्वासकालियेन्तेस. आमच्या बाकापासून बेलफास्ट जेवढं लांब, त्याच्याहून कितीतरी लांब. त्या दिवसापासून रामिरोरावांनी नेकाक्साची एकही मॅच पाहिली नाही.

“पण क्लब जिवंत आहे ना?” मी म्हणालो. “नाव तेच, शर्ट तोच.”

“नदी इथे, नाव तिथे. ते नेकाक्सा नाही.”

“रामिरोराव, हा हट्ट झाला. नाव गेलं तेव्हा तुम्ही संघ धरून ठेवलात. आता संघ गेला तर निदान नाव धरून ठेवा.”

“नो,” म्हणाले आणि मफलर गुंडाळून निघून गेले.

एवढा सुशिक्षित माणूस, मुलगी एवढी शिकलेली आणि असा आडमुठेपणा! नाव म्हणजे काय सातबाऱ्यावरची जमीन आहे, हलवली की तंटा? जेवताना मी हे बोललो. वरुण ताटात बघून हसायला लागला. सुचित्रा मात्र अजिबात हसली नाही. पोळी वाढताना म्हणाली, “अगदी खरंय. माणसाने इतकं आडमुठं असू नये.”

बऱ्याच दिवसांनी आमचं एका विषयावर एकमत झालं.

१० ऑक्टोबर

रामिरोरावांसाठी भुजंगप्रयातात दोन ओळी जुळल्या. शाळेत मास्तर बाकावर ताल धरून वृत्त शिकवायचे. आज किचनच्या ओट्यावर ताल धरला, सूनबाई संध्याचा कप पडता पडता वाचला.

नदीला विचारा कुठे गाव आहे
म्हणे ती, जिथे जाइ ते नाव राहे

मात्रा चोख आहेत. सुचित्राला वाचून दाखवल्या. तिने पुन्हा म्हणायला लावल्या. मी खूश. मग म्हणाली, “छान आहेत. रविकांत भावजींना फोन लावून ऐकवा.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. त्यांनाही कविता आवडायच्या.”

“ती गोष्ट वेगळी आहे.”

“कशी वेगळी?”

कशी म्हणजे काय! वेगळी म्हणजे वेगळी. उद्या सविस्तर लिहीन.

१३ ऑक्टोबर

सविस्तर लिहायचं राहिलं.

आज इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोकरी स्कार्फ दिसला. झडप घालून घेतला. दोन ओळी आणि स्कार्फ असं दोन्ही घेऊन खाली रामिरोरावांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी स्कार्फ उलगडला, त्यावरचं नाव वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी नावाच्या गावच्या फुटबॉल संघाचा निघाला.

“पट्टे बरोबर आहेत,” मी म्हणालो.

“पट्टे बरोबर आहेत,” त्यांनी कबूल केलं आणि गळ्यात घातला. एलेना म्हणाली, त्यांनी लाल-पांढरं काही अंगावर घालायला किती वर्षं झाली, तिला आठवतसुद्धा नाही.

मग मी दोन ओळी मराठीत म्हटल्या आणि इंग्रजीत अर्थ सांगितला. त्यांनी गळ्यातला स्कार्फ सरळ केला. “पुन्हा म्हणा,” म्हणाले. या ओळींचं कौतुक दोन्ही घरांत सारखंच.

१७ ऑक्टोबर

आज जे घडलं ते मला नीट कळलेलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

बाकावर बसलो होतो. रामिरोरावांनी विचारलं, “तुमच्या संघाचं काय झालं?”

मग सांगावं लागलं. आमची ‘कोयना इलेव्हन’. हिरवे शर्ट, छातीवर पिवळ्या दोऱ्याने ‘कोयना’ असं सुचित्राने स्वतः भरलेलं. मी फुलबॅक, रविकांत गोलात. दोघांच्या क्वार्टर्स शेजारी, भांडी एका घरातली दुसऱ्या घरात. मग त्याची बदली झाली एकलहऱ्याला, नाशिकजवळ, कोळशाच्या पॉवर हाऊसवर. गेला तो शर्टांची ट्रंक घेऊन गेला. म्हणे, धुवायला त्याच्याकडेच होती. गेला तर गेला, पण तिथे नवीन पोरं जमवली, त्यांना आमचे शर्ट घातले आणि संघाचं नाव ठेवलं ‘कोयना इलेव्हन’. गोदावरीच्या काठावर कोयना! वर वीज बोर्डाच्या स्पर्धेत कप जिंकला आणि मला तार केली, “कोयना जिंकली.” मी उलट तार केली, “कोयना इथे आहे.” त्यानंतर आम्ही बोललो नाही. पोरांच्या लग्नात लांबून मान हलवली असेल, तेवढंच.

माझं बोलणं संपलं. मला वाटलं, रामिरोराव माझा हात हातात घेतील. ते आधी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे. मग ते असे हसायला लागले की बाकच गदगदा हलला.

“तुमचा गोलकीपर आता कुठे आहे?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“टॅलाला.”

“टॅला? डब्लिनचं टॅला?” पुन्हा तेच. दहा मिनिटं. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने थांबून विचारलं की यांना बरं आहे ना.

हसू ओसरल्यावर म्हणाले, “ठीक. मी नेकाक्साची मॅच बघतो.”

“खरंच?”

“पुढच्या शनिवारी, तुमच्या घरी. पण एक अट. मी तुमचं ऐकलं, तर तुम्ही माझी एक गोष्ट ऐकायची. कुठली ते त्या दिवशी सांगीन.”

मी वचन दिलं. मेक्सिकन मिरची खायला लावणार, दुसरं काय! आम्ही कऱ्हाडचे, आम्हाला तिखटाची भीती नाही.

पण शेवटी कवितेने काम केलं. त्या दोन ओळी त्यांच्या मनात मुरल्या असणार.

१८ ऑक्टोबर

सुचित्राशी जुंपली. निमित्त, रविकांत जायच्या आत त्याला दिवाळीच्या फराळाला बोलावू या असं ती म्हणाली, हे.

मी म्हणालो, “नदीच्या नावाशी त्याने बेइमानी केली.”

ती म्हणाली, “आणि तुम्ही नदीशी काय केलंत? कोयना सरळ तुमच्या कऱ्हाडला येत होती. बोर्डाने बोगदा खणून तिचं पाणी पश्चिमेला वळवलं, पोफळीला आणलं, तुमच्या टर्बाइनमधून काढलं आणि वाशिष्ठीत सोडलं. तिथून पुढे तिचं नावसुद्धा राहिलं नाही. तीस वर्षं तुम्ही त्याचा पगार घेतलात. तेव्हा कुणी तार केली नाही ती?”

“ते राष्ट्राच्या विजेसाठी होतं.”

“आणि ते चार पोरांच्या खेळासाठी होतं. शर्टांवर अक्षरं माझ्या हातची होती. मला कुणी विचारलं का, ते शर्ट कुठे घालायचे म्हणून? मला तर बरं वाटलं होतं, कप जिंकला त्या अक्षरांनी.”

हे ती आजवर कधी बोलली नव्हती. मी डायरी घेऊन बाहेरच्या खोलीत आलोय. वादात काहीतरी चूक आहे तिच्या, पण नेमकी कुठे ते सापडत नाहीये.

१९ ऑक्टोबर

अजून सापडत नाहीये.

२२ ऑक्टोबर

पाडवा. सुचित्राने ओवाळलं, बोलणं मात्र कामापुरतंच. घरात एक प्रकारची लगबग आहे आणि तिच्यात मला कुणी घेत नाही.

सकाळी सुचित्रा कडबोळी करायला बसली. आमच्याकडे कडबोळी कोण खातं? मला कवळी आहे, वरुणला डॉक्टरांनी तेलकट सोडायला सांगितलंय आणि संध्याला ती आवडत नाहीत. कडबोळ्यांवर ताव मारणारा माझ्या आयुष्यात एकच माणूस पाहिला, तो एका बैठकीत डबा संपवायचा. विचारलं तर म्हणाली, “पाहुण्यांसाठी.” म्हणजे रामिरोरावांसाठी. त्यांचे दात स्वतःचे आहेत, हे तिने बरं हेरलं. डबा प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) अगदी वरच्या फळीवर ठेवलाय, माझा हात पोचणार नाही असा.

दुपारी बघतो तर रामिरोराव आमच्या दारात उभे, सुचित्रा आतून बोलतेय आणि मधे शर्वाणी दुभाष्या. मी पुढे झालो तशी तिघंही गप्प. शर्वाणी म्हणाली, “नथिंग, आबा. युअर मॅन वॉज जस्ट आस्किंग अबाउट द बस.”

“कुठली बस?”

“जस्ट अ बस.”

रामिरोरावांना फिरायला आवडतं, हे चांगलं आहे.

२४ ऑक्टोबर

रविकांतचा फोन आला नाही. काल नाही, परवाही नाही. सोमवारी जाणार. न उचलायचा का होईना, फोन वाजायचा, त्याची सवय झाली होती. आज दोनदा उगाचच फोन बघितला. चार्जिंग भरपूर होतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मॅच मेक्सिकोत काल झाली. आमच्या वेळेप्रमाणे भलत्याच प्रहरी. वरुणने ती रेकॉर्ड करून ठेवली होती आणि निकाल कुणीही सांगायचा नाही अशी घरात तंबी होती. सकाळी अकरा वाजता एलेनाला घेऊन रामिरोराव आले, दाढी करून, मिशांना तेल लावून, गळ्यात डेरीचा स्कार्फ. सोफ्यावर अगदी कडेला बसले, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसे.

पडद्यावर संघ मैदानात आले. लाल-पांढरे पट्टे.  एलेनाने रामिरोरावांचा हात धरला. त्यांनी बोटाने हळूच हवेत मोजलं आणि म्हणाले, “अकरा आहेत.”

“अकराच असतात, पपा.”

“हो, पण आहेत.”

पाचव्या मिनिटाला ते सोफ्याच्या मध्यावर आले. पंधराव्या मिनिटाला उभे राहून रेफ्रीला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाले, त्याचं भाषांतर करायला एलेनाने नकार दिला. शर्वाणीने मात्र ते दोनदा म्हणून पाहिलं. मी सुचित्राकडे विजयी मुद्रेने बघितलं. दोन ओळींनी मेक्सिको जिंकला होता! ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि कडबोळ्यांचा डबा टेबलावर आला होता.

तेवढ्यात बेल वाजली.

कुणी हललं नाही. वरुण, संध्या, शर्वाणी, सगळे एकदम टीव्हीत बुडाले, त्यात संध्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. रामिरोरावांनी रिमोट उचलून मॅच थांबवली. नेकाक्साचा बॉल हवेतच राहिला.

“माझी अट,” ते म्हणाले. “दार तुम्ही उघडायचं.”

“बस? एवढीच?” मी हसलो. मिरची नाही, काही नाही. कुणी पार्सलवाला असेल म्हणून चपला ओढत गेलो.

इथली दारं जड असतात, आपोआप मिटणारी. मी खांद्याने रेटून ते उघडं धरलं आणि समोर बघितलं.

माकडटोपी. खाली अंगाला मोठा होणारा उसना कोट. आणि दोन्ही हातांत हे एवढाले लोकरीचे मोजे. आयुष्यभर उघड्या हातांनी गोल राखला आणि आता मोजे घातले. बारीक झालाय. उंची मात्र तेवढीच, दाराच्या चौकटीत गोलात उभा असल्यासारखा.

  दार माझ्या खांद्यावर येऊन रेटायला लागलं. पूर्वीइतका खांदा राहिला नाही, मी जरा मागे सरकलो.

तेव्हा त्याने मोज्यातला एक हात माझ्या डोक्यावरून पलीकडे घातला, दारावर पंजा टेकवला आणि म्हणाला, “दत्तू, सोड. माझा आहे.”

मी वाकलो. अगदी आपोआप. दार जिथल्या तिथे थांबलं.

आतून रामिरोरावांनी मोठ्याने विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नाही, “कोण आहे?”

“गोलकीपर!” मी ओरडलो.

“कुठल्या संघाचा?”

रविकांत माझ्याकडे बघत होता. दारावरचा हात त्याने काढला नाही. मला वाटतं, त्याने श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

“कोयना,” मी म्हणालो.